व्हॉल्व्ह रेडिओ रिस्टोर केला, पण घरघर जात नाही आणि अर्ध्या तासाने आवाज फाटतो

खरखरप्रेमी

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय, वाचून सांगा. लाकडी पेटीचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ आहे, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हचे दोन बँड. व्हॉल्व्ह ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, आउटपुटचा ईएल८४, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) ईझेड८० आणि वर ट्यूनिंग दाखवणारा हिरवा डोळा ईएम८०. ट्रान्सफॉर्मरवाला सेट आहे, लाइव्ह चेसिसचा (पत्र्याचा सांगाडा थेट मेन्सला जोडलेला) नाही. हातात आला तेव्हा मुकाच होता. मेणाचे पेपर कंडेन्सर झाडून सगळे काढले आणि पॉलिस्टरचे टाकले, फिल्टरचे दोन इलेक्ट्रोलिटिक ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे नवीन बसवले. वरचा मूळचा अल्युमिनियमचा डबा कोणीतरी आधीच तोडून ठेवलेला होता आणि खाली चेसिसच्या टॅगवर दोन कंडेन्सर लावले होते, मी त्याच जागी त्याच पद्धतीने लावले. मेन्सच्या वायरपासून चेसिसला एक कंडेन्सर होता तो तडकलेला होता, काढून टाकला आणि तिथे काही लावलं नाही, कशाला लागतो तेच कळलं नाही. काट्याची दोरी तुटलेली ती नवीन ओवली, व्हॉल्यूम कंट्रोल आणि बँड स्विच क्लीनरने धुतला. व्हॉल्व्हना हात लावला नाही, रेझिस्टन्सनाही नाही, सगळे मूळचेच आहेत.

आता रेडिओ वाजतो, आणि खरं सांगायचं तर छान वाजतो, पण

मागे सतत घरघर आहे. एखादं स्टेशन जोरात लागलं की ती घरघर अजून वाढते असं वाटतं. आणि मुख्य म्हणजे सुरू केल्यावर वीसेक मिनिटं मस्त चालतो, मग आवाज हळूहळू फाटायला लागतो, अर्ध्या तासाने तर बोललेलं कळत नाही. ईएल८४ भयंकर तापतो, काल खोलीत अंधार करून बघितलं तर प्लेटची एक कड लालसर दिसली. बंद करून थंड झाला की परत पहिल्यासारखा. शिवाय डायलवर सगळी स्टेशनं जागेवरून सरकलीत पण ते नंतर बघू.

नवीन आउटपुट ट्रान्सफॉर्मर शोधू का? की कंडेन्सरच खराब निघाले?

मीटरवाला

आधी तो रेडिओ अर्धा तास चालवायचं बंद करा. प्लेट लाल दिसतेय म्हणजे व्हॉल्व्हमधून नको तेवढा करंट जातोय आणि तो करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतूनच जातो, आत्ता चांगला असलेला ट्रान्सफॉर्मर तुम्ही अशाने घालवाल. ईएल८४ एक वेळ मिळतो, त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

नवीन पार्ट आणायच्या आधी रीडिंग द्या, त्याशिवाय इथे सगळे अंदाजच बांधणार. मीटरची काळी वायर क्रोकोडाइल क्लिपने चेसिसला पकडवून टाका आणि दुसरा हात मागे ठेवा. ईझेड८० च्या पिन ३ (कॅथोड) वर किती, ईएल८४ च्या पिन ७ (प्लेट), ९ (स्क्रीन), ३ (कॅथोड) आणि २ (ग्रिड) वर किती. चालू केल्यावर पाच मिनिटांनी एकदा, आणि आवाज फाटायला लागला की लगेच एकदा, दुसरं रीडिंग घेतलं की स्विच ऑफ. खालून बघताना मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १ ते ९ मोजायचं, अर्धे लोक इथेच उलटं मोजतात आणि मग अजब आकडे देतात. बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्स लावून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा, मगच हात घाला. २५० व्होल्ट डीसी गंमत नाही.

मीटर डिजिटल आहे ना? असेल तर त्याचा इनपुट किती मेगओहम तेही सांगा, ग्रिडवर मोजताना फरक पडतो.

शंभरएमएफडी

एवढं कशाला राव, घरघर म्हणजे फिल्टर कमी पडतोय. ४७ काढा आणि दोन्ही जागी १०० मायक्रोफॅरड टाका, घरघर गायब. मी सगळ्या सेटला तेच करतो.

सुपरहेट

@शंभरएमएफडी साहेब, हे ईझेड८० वर नका सांगू कोणाला. त्याच्या डेटाशीटमध्ये पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड लिहिलेली आहे. कंडेन्सर मोठा केला की प्रत्येक सायकलला तो भरताना जो करंटचा झटका येतो तो रेक्टिफायरच्या कॅथोडला सोसत नाही, डायोडवाल्या सेटला चालत असेल, व्हॉल्व्ह रेक्टिफायरला नाही. दुसरा कंडेन्सर वाढवलात तर एवढं बिघडत नाही कारण मध्ये रेझिस्टन्स असतो. पण ४७ नवीन असताना घरघर येतेय म्हणजे प्रश्न कंडेन्सर किती मोठा याचा नाहीच आहे.

@खरखरप्रेमी, व्हॉल्यूम एकदम शून्यावर नेल्यावर घरघर राहते का जाते? राहत असेल तर ती पॉवर सप्लाय किंवा आउटपुट व्हॉल्व्हकडून येतेय. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या स्टेजमधून. आणि कान देऊन ऐका, जाड खर्जातली एकसारखी हूं असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे हीटरची गळती किंवा वायरिंग. जराशी चिरकी, करकरीत असेल तर १०० हर्ट्झ, ती रेक्टिफायरनंतरची. (मेन्स ६० हर्ट्झची असेल तर ६० आणि १२०.)

अजून एक, ईएल८४ च्या पिन ३ ला कॅथोडचा रेझिस्टन्स आहे का? साधारण १३० ते १८० ओहमचा असतो आणि त्याच्यावर एक छोटा इलेक्ट्रोलिटिक.

शंभरएमएफडी

माझ्याकडे चालतंय बुवा. असो.

खरखरप्रेमी

घ्या रीडिंग. मीटर डिजिटल, इनपुट १० मेगओहम.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घरघर तेवढीच राहते, आणि करकरीत वाटते, हूं नाही.

पिन ३ ला काहीच नाही! एक जाड तार आणि थेट चेसिसवर सोल्डर. मला आधी वाटलं कोणीतरी रेझिस्टन्स काढून शॉर्ट मारलाय पण सोल्डर फॅक्टरीचाच दिसतोय, रंगाचा ठिपकासुद्धा आहे त्याच्यावर. मग सर्किट ट्रेस करत गेलो तर ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (हाय व्होल्टेज) वाइंडिंगचा मधला टॅप चेसिसला थेट जात नाही, १०० ओहमच्या एका जाड वायरवाउंड रेझिस्टन्समधून जातो (तो मोजला, १०२ भरला). आणि पिन २ चा ग्रिड रेझिस्टन्स चेसिसला न जाता त्या मधल्या टॅपलाच गेलाय. हे बरोबर आहे का?

पाच मिनिटांनी: ईझेड८० पिन ३ वर २६८, ईएल८४ पिन ७ वर २५६, पिन ९ वर २३२, मधल्या टॅपवर उणे ७.६, पिन २ वर उणे ६.३.
आवाज फाटल्यावर: २५३, २४०, २१४, मधला टॅप उणे ९.४, पिन २ उणे ३.१.

मीटरवाला

वा, असे आकडे दिले की बरं वाटतं.

कॅथोड चेसिसवर आहे ते बरोबर आहे, त्याला बॅक बायस म्हणतात, तिथे रेझिस्टन्स बसवायला जाऊ नका. सगळ्या सेटचा एचटी करंट त्या १०० ओहममधून परत जातो, त्यामुळे मधला टॅप चेसिसपेक्षा काही व्होल्ट उणे होतो आणि तेच उणे व्होल्ट ईएल८४ च्या ग्रिडला बायस म्हणून, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरायला, दिलेले असतात. तुमचे ७.६ व्होल्ट भागिले १०० म्हणजे ७६ मिलिअँपिअर, सेटचा एकूण करंट, एकदम योग्य.

आता गंमत बघा. पाच मिनिटांनी टॅपवर ७.६ आहे आणि ग्रिडवर ६.३. चांगल्या व्हॉल्व्हची ग्रिड करंट घेतच नाही, मग मध्ये १.३ व्होल्ट पडले कुठे? ते तुमच्या मीटरने पाडले. मीटरचे १० मेग आणि ग्रिड रेझिस्टन्स मिळून डिव्हायडर झाला. त्या रेझिस्टन्सवर पट्टे कोणते आहेत, निळा करडा पिवळा का? या सेटमध्ये बहुतेक ६८० किलोओहम असतो. ६८० असता तर मीटरवर ७.१ दिसायला हवे होते. ६.३ दिसतात म्हणजे तो रेझिस्टन्स २ मेगओहमच्या पुढे गेलेला आहे. एक पाय सोडवून मोजा, मी पैज लावतो. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वर्षानुवर्षं तापून वरच जातात, आणि लोक कंडेन्सर सगळे बदलतात नि रेझिस्टन्सकडे ढुंकून बघत नाहीत कारण ते दिसायला ठणठणीत असतात.

आता गरम झाल्यावरचे आकडे. टॅप उणे ९.४ आणि ग्रिड फक्त उणे ३.१. म्हणजे कुठून तरी ग्रिडवर प्लस करंट येतोय, हिशोब केला तर सुमारे पावणेतीन मायक्रोअँपिअर. नगण्य वाटतो, पण २ मेगमधून गेला की साडेपाच व्होल्ट खातो. बायस गेला की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, जास्त तापतो, तापला की ग्रिड करंट अजून वाढतो, आणि हे चक्र चालूच राहतं. एकूण करंट ९४ मिलिअँपिअरवर गेलाय, ईझेड८० ची मर्यादा ९० आहे. वाढलेले १८ जवळजवळ सगळे ईएल८४ चेच, ४५ चे ६३ धरले तर २४० व्होल्टला १५ वॅट झाले, आणि त्या प्लेटची मर्यादा १२ वॅट. लाल नाही होणार तर काय होणार.

करंट येण्याच्या जागा दोनच. ईबीसी८१ च्या प्लेटवरून ग्रिडला येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, किंवा व्हॉल्व्हच गॅसी झालाय, म्हणजे आतला व्हॅक्यूम बिघडलाय. कपलिंग कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवा आणि सेट चालू करा, आवाज येणार नाही, येऊ नयेच. फक्त पिन २ वर मीटर लावून बसा. व्होल्ट जागेवर राहिले तर कंडेन्सर दोषी, तरीही घसरले तर व्हॉल्व्ह. नवीन कंडेन्सर आहे म्हणून तो वगळू नका, नवीनसुद्धा गळके निघतात.

आणि सॉकेटवर एक नजर टाका. ईएल८४ च्या पिन १, ६ आणि ८ डेटाशीटमध्ये आयसी म्हणून दिलेल्या असतात, म्हणजे आत कशाला तरी जोडलेल्या असू शकतात. कोणी त्या मोकळ्या समजून टॅगसारख्या वापरल्या असतील तर तेही काढा.

सुपरहेट

मीटरवाला दादांनी फाटण्याचं सांगितलं, मी घरघरीचं सांगतो कारण आता चित्र स्वच्छ झालं.

बॅक बायसच्या सेटमध्ये पहिल्या फिल्टर कंडेन्सरचा मायनस चेसिसला नसतो, तो थेट मधल्या टॅपला असतो. मूळचा जो अल्युमिनियमचा डबा होता त्याच्याखाली पुठ्ठ्याची किंवा फायबरची वॉशर असेल बघा, डबा चेसिसपासून वेगळा ठेवायला. आधीच्या माणसाने दोन्ही नवीन कंडेन्सर चेसिसच्या टॅगवर मारले आणि तुम्हीही तिथेच लावले. त्याने काय होतं, कंडेन्सर भरतानाचे १०० हर्ट्झचे करंटचे झटके त्या १०० ओहममधून जायला लागतात. डीसी मीटरवर काही कळत नाही कारण सरासरी तेवढीच राहते, पण तो ठोका बायसवर चढतो, बायस थेट ग्रिडवर, आणि ग्रिडवरची गोष्ट ईएल८४ वाढवून स्पीकरला देतो. म्हणून व्हॉल्यूमशी काही संबंध नाही. मीटर एसीवर ठेवून टॅप आणि चेसिसमध्ये मोजा, आत्ता चांगले काही व्होल्ट दिसतील.

पहिल्या कंडेन्सरचा (ईझेड८० च्या पिन ३ वरचा) मायनस चेसिसवरून सोडवा, मधल्या टॅपला न्या. दुसऱ्याचा चेसिसवरच राहू द्या. आणि त्या १०० ओहमला समांतर एखादा छोटा इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याचा प्लस चेसिसला हवा, मायनस टॅपला. इथे हात सवयीने उलटा जातो.

खरखरप्रेमी

पैज जिंकलात दादा. निळा करडा पिवळा, आणि भरला २.०५ मेग! दिसायला अगदी नवा कोरा, पट्ट्यांचा रंगसुद्धा उडालेला नाही.

कपलिंगचा पाय सोडवून चालवला, तरी पिन २ हळूहळू घसरत उणे ३ च्या आसपास आलाच, म्हणजे व्हॉल्व्ह. माझ्याकडे दुसरा ईएल८४ नाहीये सध्या. रेझिस्टन्स ४७० किलोचा टाकला (६८० नव्हता) आणि कपलिंग परत जोडला. आता तासभर चालवून टॅप उणे ८.०, ग्रिड उणे ७.०, आवाज स्वच्छ, प्लेट काळी. असाच ठेवू का व्हॉल्व्ह की बदलायलाच हवा? आणि ४७० ने काही बिघडत नाही ना?

घरघरीचं पण तसंच निघालं. डब्याखाली खरंच लाल फायबरची वॉशर होती, मी ती नुसतीच सजावट समजत होतो. मायनस टॅपला नेल्यावर कान स्पीकरला लावला तर जेमतेम ऐकू येते.

पण एक राहिलं. स्टेशन नसताना शांत आहे. जोरदार स्टेशन बरोबर ट्यून केलं की त्या आवाजाच्या मागे हूं ऐकू येते, जरा बाजूला सरकलं की जाते. ही कुठली नवीन?

मीटरवाला

४७० ने काही बिघडत नाही, उलट बरंच. ईएल८४ ला ग्रिड रेझिस्टन्सची मर्यादाच आहे, कॅथोड बायसला १ मेग, फिक्स बायसला ०.३ मेग. बॅक बायस या दोन्हींच्या मधला. रेझिस्टन्स जेवढा कमी तेवढा गॅसी व्हॉल्व्ह कमी त्रास देतो.

व्हॉल्व्ह चालवा पण दुसरा बघून ठेवा. महिन्या दोन महिन्यांनी एकदा टॅपवरचे व्होल्ट बघत जा, ८.० चे ८.८ व्हायला लागले की त्याची रजा झाली. आणि हो, रेझिस्टन्स एक सापडला म्हणजे बाकीचे साव असं नाही. ईबीसी८१ च्या प्लेटचा, ईएफ८९ आणि ईसीएच८१ च्या स्क्रीनचे आणि एव्हीसीचा (आवाज आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटचा) मेगवाला, एवढे तरी एक पाय सोडवून मोजा. १० टक्क्यांच्या आत असतील तर राहू द्या, उगाच सगळे उपटू नका.

सुपरहेट

स्टेशनवरच येणारी हूं म्हणजे तुम्ही काढून फेकलेला तो मेन्सचा कंडेन्सर. मेन्सच्या वायरीतून आरएफ (स्टेशनचा रेडिओ सिग्नल) आत येतो, रेक्टिफायर दर सायकलला चालू बंद होतो तसा तो आरएफ पण कापला जातो आणि स्टेशनच्या सिग्नलवर हमचं मॉड्युलेशन बसतं. म्हणून स्टेशन नसताना काहीच नाही. फिल्टर किती वाढवा, जाणार नाही.

तिथे परत कंडेन्सर लावायचा पण फक्त वाय२ क्लासचा, २.२ ते ४.७ नॅनोफॅरड. ६३० व्होल्टचा साधा फिल्मचा लावू नका, तो शॉर्ट झाला तर चेसिस थेट मेन्सवर जातो. वाय२ निकामी होताना शक्यतो शॉर्ट न होता ओपन होईल अशा बेताने बनवलेला असतो. फेज न्यूट्रलच्या मधला वेगळा असेल तर तिथे एक्स२. बाकी कुठल्या जागेवर मागेपुढे करता येतं, इथे नाही.

डायलचं म्हणालात ते सगळीकडे सारखंच सरकलंय का? एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असं असेल तर ऑसिलेटरचं काम, वरच्या टोकाला ट्रिमर आणि खालच्या टोकाला कॉइलचा कोअर. पण सगळीकडे सारखंच असेल तर तुमची नवीन दोरी. गँग (ट्यूनिंगचा कंडेन्सर) पूर्ण आत बंद करा, सगळ्या पात्या एकमेकांत गेलेल्या, आणि काटा डायलच्या शेवटच्या खुणेवर आणून दोरीला चिमटवा. आयएफटीच्या (आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या) स्क्रूंना सिग्नल जनरेटर असल्याशिवाय हात लावू नका, हात शिवशिवले तरी. एकदा फिरवले की मूळ जागा सापडत नाही आणि कोअर चिरला तर कॉइलच गेली.

खरखरप्रेमी

सगळीकडे साधारण बोटभर उजवीकडे होतं, काटाच होता. दोन मिनिटांचं काम निघालं. वाय२ मागवलाय, बसला की सांगतो.

जाता जाता, हिरवा डोळा फार मंद आहे, दिवसा दिसतच नाही. तो पण कुठला तरी रेझिस्टन्सच का?

मीटरवाला

बहुतेक नाही. टार्गेटच्या (डोळ्याच्या चमकणाऱ्या भागाच्या) पिनवर व्होल्ट मोजा, दोनशेच्या वर असतील आणि तरी मंद असेल तर आतला फॉस्फर झिजलाय, त्याला इलाज नाही. प्लेटचा मेगवाला रेझिस्टन्स वर गेला असेल तर डोळा नीट मिटत उघडत नाही, पण उजेड कमी होत नाही. व्होल्ट वाढवून चमकवायचा प्रयत्न काही लोक करतात, थोडे दिवस चमकतो आणि मग पूर्ण जातो. नवीन ईएम८० टाकलात तर टार्गेटच्या वायरमध्ये मागच्या बाजूला एक छोटा स्विच द्या, २५० व्होल्ट डीसी सहन करणारा, साधा खेळण्यातला नको. ट्यूनिंग झालं की बंद करायचा, कैक वर्षं जातो मग.